घरची वाटी घेऊन या

आमच्या ओपीडीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक घराला मी फोनवर दोन गोष्टी सांगते. मुलाचे सगळे कागद आणा, आणि घरची वाटी घेऊन या. कागद सगळेच आणतात. वाटीचं ऐकून मात्र माणसं घोटाळतात. एका गृहस्थांनी बारशात आलेली चांदीची वाटी मखमलीच्या डबीतून आणली होती. "रोजची हो," मी म्हटलं, "ज्यात बाळ खरोखर जेवतं ती." त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने सासूकडे. सासूबाईंनी मुकाट्याने पिशवीतून पोचे आलेली एक स्टीलची वाटी काढून टेबलावर ठेवली. त्यांना फोनवरचं बोलणं बरोबर कळलं होतं, पण चांदीच्या वाटीपुढे त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

मला ही अक्कल उशिरा आली. मुंबईतल्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून लागले तेव्हा कुपोषण, मधुमेह, किडनीची पथ्यं हे सगळं मला येत होतं. जन्मजात चयापचयाचे आजार पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात होते, आणि ते प्रकरण परीक्षेला येत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डोंबिवलीहून एक बाई यायला लागल्या. (गावं मी इकडची तिकडे केली आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत एवढ्यासाठीच.) मुलगी दोन वर्षांची. आजार फिनाइलकीटोन्यूरिया, बोलताना सगळे पीकेयू म्हणतात. आपण खातो त्या प्रत्येक प्रथिनात फिनाइलअ‍ॅलॅनिन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि यकृतातलं एक एन्झाइम त्याचं पुढे टायरोसिन करतं. या मुलांत ते एन्झाइम जन्मापासूनच नसल्यात जमा असतं. मग फिनाइलअ‍ॅलॅनिन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. ते डेसिलिटरला २ ते ६ मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, तेही मोजून जेवून. हिचं चौदा यायचं, मग सोळा, मग पुन्हा चौदा.

तक्ता मी दिलेला. दोन्ही वेळा अर्धी वाटी मऊ भात. दर खेपेला मी विचारायची, आणखी काही खाते का? बिस्किट? शेजारी कुणी देतं का? त्या मान हलवायच्या. चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. "ताई, रिपोर्ट खोटं बोलत नाही," मी म्हटलं. बाहेर बाकावर दहाजणी बसल्या होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, बोलावलं नव्हतं तरी. डब्यात भात होता आणि सोबत वाटी. माझ्यासमोर त्यांनी अर्धी वाटी भात घातला, लहान मुलाला भरवताना करतात तसा चमच्याने दाबून सारखा केला आणि म्हणाल्या, "हे एवढंच." मी काट्यावर ठेवलं. १२० ग्रॅम. माझ्या पुस्तकातली वाटी १५० मिलिलिटरची, तिच्यात अर्ध्यापर्यंत मोकळा भात ६० ग्रॅमच्या आसपास बसतो. त्यांची वाटी त्यांचे यजमान आमटी घेतात ती, २६० मिलिलिटरची. दोन वेळचं मिळून पोरीच्या पोटात रोज १२० ग्रॅम भात जास्त जात होता. म्हणजे जवळपास तीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दीडशे मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिन. आणि त्या मुलीला दिवसभरात परवानगी होती सगळं मिळून ३००ची.

त्या एका अक्षरानेही खोटं बोलल्या नव्हत्या. वाटी म्हणजे केवढी हे मीच कुठे लिहिलं नव्हतं. मी माफी मागितली, पण ती दार लावून, बाकावरच्या दहाजणींना ऐकू न जाता. ते अजून टोचतं.

या ३००चा अर्थ घरच्यांना सांगायला मी दुधाचा पेला पुढे करते. २०० मिलिलिटर गाईच्या दुधात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि एका ग्रॅमला ढोबळमानाने ५० मिलिग्रॅम फिनाइलअ‍ॅलॅनिन. झाला दिवसाचा कोटा. मूठभर तूरडाळीचं वरण म्हणजेही तेवढंच. आपल्याकडे बाळाला पहिला घास कशाचा भरवतात, तर वरणभाताचा, नाहीतर दूधभाताचा. मी आईला सांगते की डाळ नाही, दूध घोटभर तेही मोजून, अंडं-मासळीचं तर नावच नको, पोळी-भाकरीसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत राहते आणि मग एकच प्रश्न विचारते. मग हा खाणार काय?

त्याचं उत्तर मला नीट दिलं ते एका आजीने.

पंढरपूरच्या वाटेवरचं गाव, घर माळकरी. नातू सात महिन्यांचा, मान उशिरा धरली म्हणून तपासण्या झाल्या आणि आजार सापडला. पहिल्या भेटीत आई-वडील समोर बसले होते आणि आजी मागे, भिंतीला टेकून. मी नेहमीसारखी यादी वाचत होते. तूप, तेल, साखर चालेल. फळं, भाज्या मोजून. साबुदाणा चालेल, त्यात प्रथिनं नावालाच असतात, १०० ग्रॅमला पाव ग्रॅमसुद्धा नाहीत. आरारूट चालेल. बटाटा, रताळं मोजून.

मागून आवाज आला, "म्हंजी ह्याची रोजचीच एकादशी की."

मी थांबले. इतकी वर्षं मी 'अल्पप्रथिन आहार' म्हणत होते आणि समोरच्या चेहऱ्यांवर काही उमटत नव्हतं. या बाईने तो एका शब्दात अख्ख्या महाराष्ट्राला कळेल असा करून टाकला होता. पण लगेच मला घाई झाली, कारण त्या शब्दात धोकाही होता. म्हटलं, "आजी, एकादशीचं सगळं नाही चालायचं. शेंगदाण्याचं कूट नको. राजगिरा नको, त्यात गव्हापेक्षा जास्त प्रथिनं. शिंगाडा नको. वरीचे तांदूळसुद्धा मनात येईल तेवढे नाहीत."

"इठ्ठलाला चालतंय ते ह्याला चालंना व्हय," आजी म्हणाल्या. तक्रार नव्हती, नोंद होती. मग सुनेला म्हणाल्या, "कूट न घालता कर. मी बघते."

"आणि आजी, दुसरं म्हणजे याने उपाशी कधीच राहायचं नाही. एक वेळसुद्धा नाही."

हे त्यांना पटायला वेळ लागला. उपासाने शरीर हलकं होतं, अंगातला विकार जळून जातो, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. मी सांगत होते ते नेमकं उलटं. पोटात अन्न नसलं की शरीर स्वतःचंच मांस मोडून खातं. ते मांस म्हणजे प्रथिनंच. मग बाहेरून एक कण दिला नाही तरी रक्तातलं फिनाइलअ‍ॅलॅनिन वर चढतं. तापात, जुलाबात, दात येताना मूल खाईनासं झालं की हेच होतं. पीकेयूत निदान थोडी सवड मिळते. प्रथिनांच्याच दुसऱ्या आजारांत, म्हणजे युरिया चक्राच्या किंवा मेपल सिरपच्या आजारात, असं मूल दोन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तापात काय घालू?" साखरपाणी, आरारुटाची लापशी, फिनाइलअ‍ॅलॅनिन वगळलेली पावडर थोडी थोडी, दर दोन तासांनी. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.

पुढच्या भेटीत त्या डबा घेऊन आल्या. साबुदाणा कढईत कोरडा भाजून, जात्यावर दळून केलेलं पीठ. त्यात आरारूट, उकळत्या पाण्यात उकड काढलेली, आणि बांधायला लहानसा उकडलेला बटाटा. गव्हाचा चिवटपणा कशातच नसल्यामुळे भाकरी तव्यावर घालतानाच चिरत होती. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता, चिमूटभर इसबगोल. तो त्यांच्या घरात आजोबांच्या पोटासाठी होताच. भाकरी पांढरट, किंचित रबरासारखी, पण घडी घातली तर मोडत नव्हती. अल्पप्रथिन ब्रेड करणारे परदेशी कारखानेसुद्धा इसबगोल वापरतात हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी मी बटाट्याचं तेवढं वजन केलं आणि भाकरीची कृती वहीत उतरवून घेतली. आज ती दीडशे-दोनशे घरांत गेली असेल. मी तिला 'आजीची भाकरी' म्हणते. नाव विचारायचं तेव्हा राहून गेलं, आणि नंतर कळल्यावर इथे लिहिता येत नाही.

मुलगा चार वर्षांचा असताना आषाढी दशमीला त्याला ताप भरला. गावातून गाडी निघेना, रस्ताभर दिंड्या. आजी एकादशीच्या निर्जळी उपासात रात्रभर त्याला चमच्याने लापशी पाजत बसल्या. द्वादशीला माणसं रुग्णालयात पोचली तेव्हा मी रक्त पाठवलं. आकडा आठ आला. वाईट म्हणावा असा मुळीच नव्हता. "त्यो झोपाया बघत हुता," आजी म्हणाल्या, "मी झोपू दिलं न्हाई."

एखादा घास जास्त गेला की काय होतं याची भीती सगळ्यांनाच असते. कमी गेलं तर काय होतं हे मात्र कुणी विचारत नाही. पुण्याचा एक बाप, संगणकातला माणूस, पहिल्या महिन्यापासून मुलाच्या प्रत्येक घासाचा तक्ता ठेवायचा, रंगीत आलेखासकट. मुलाला मेपल सिरपचा आजार, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं पुढे मोडत नाहीत. मी दिलेल्या मर्यादेपेक्षाही तो दहा-पंधरा टक्के कमी द्यायचा. 'सुरक्षित राहावं म्हणून'. चार महिन्यांनी मूल आलं ते वजन थांबलेलं, तोंडाभोवती आणि जांघेत कातडी सोललेली. डॉक्टरांना आधी त्वचेचा संसर्ग वाटला. तो आयसोल्युसिनचा दुष्काळ होता. हे अमिनो आम्ल विष आहे तसं अन्नही आहे, शरीर ते स्वतः बनवत नाही. आलेख बघून मला रडू आलं. इतका नीटनेटका आलेख!

या शास्त्राची सुरुवातच अशा ठेचेने झाली आहे. नॉर्वेचे अस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ साली पीकेयू ओळखला. दोन मतिमंद भावंडांच्या आईने त्यांचा पिच्छा पुरवला होता. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराईड घातल्यावर तिचा रंग हिरवा झाला आणि तिथून धागा लागला. उपचार यायला आणखी सतरा-अठरा वर्षं गेली. बर्मिंगहॅममध्ये होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर एक आई रोज सकाळी उभी राहायची. आजार सापडला आहे पण उपाय नाही, हे तिला मान्यच नव्हतं. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातलं प्रथिन आम्लाने फोडून, कोळशातून गाळून, फिनाइलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेलं पेय थंडगार खोलीत बसून तयार केलं. त्या आईची मुलगी सुधारायला लागली, मग पुन्हा बिघडली. कारण पेयात फिनाइलअ‍ॅलॅनिन मुळीच नव्हतं आणि तिचं शरीर स्वतःला खात होतं. थोडं साधं दूध घालताच गाडी रुळावर आली. ही गोष्ट मी त्या पुण्याच्या वडिलांना सांगितली. त्यांनी तक्त्यात एक नवा रकाना केला, 'किमान'.

पावडरीबद्दल थोडं बोलायला हवं. जेवणातून प्रथिनं काढली तर मूल वाढणार कशावर? म्हणून नको ते अमिनो आम्ल वगळून बाकी सगळी एकत्र केलेली पावडर रोज तीन-चारदा पाण्यातून द्यावी लागते. मी पहिल्यांदा चाखली तेव्हा आधी वासानेच तोंड फिरवलं होतं. चव म्हणजे बटाटे उकडलेल्या पाण्यात जीवनसत्त्वांच्या गोळ्या कुटून घातल्यासारखी. ज्यांना ती तान्हेपणी सुरू होते ती मुलं आवडीने पितात, मिशा पुसतात. वर्षा-दोन वर्षांनी सुरू झालेली थुंकतात. एक रिक्षावाले बाबा रोज सकाळी मुलासमोर स्वतः एक पेला प्यायचे, त्यात पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ असायचं. मुलाला तीन वर्षं पत्ता लागला नाही.

डब्याची किंमत हजारांत, आणि महिन्याला अनेक डबे. २०२१ साली केंद्राचं दुर्मिळ आजारांबाबतचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यात विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांना जागा मिळाली, पीकेयू आणि मेपल सिरपचा आजार दोन्ही त्यात आहेत. पुढच्याच वर्षी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत गेली. मुंबईत केईएम रुग्णालय त्यासाठीचं एक केंद्र आहे. १ एप्रिल २०२३पासून अशा आजारांसाठी स्वतःच्या वापराला मागवलेल्या औषधांवरची आणि विशेष आहारावरची मूळ सीमाशुल्काची रक्कम माफ झाली. हे सगळं चांगलं झालं. पण कागद मंजूर होण्याचा दिवस आणि डबा संपण्याचा दिवस एकच असेल असं नाही. एका आईने महिनाभर सपाट चमच्याऐवजी पाऊण चमचा घातला, डबा पुरावा म्हणून. मला सांगितलं नाही. मुलाचं वजन घटल्यावर मी हिशेब मांडला तेव्हा त्या खाली बघत राहिल्या. या खेपेला आवाज चढवला नाही मी. या घरांचं आपापसांत डबे उसने देण्या-घेण्याचं जाळं तेव्हापासून सुरू झालं. नाशिकचा डबा एसटीने जालन्याला जातो, कंडक्टरच्या ओळखीवर.

आणि हो, गंमत म्हणजे आपल्या देशात ज्या आजाराचं नाव डॉक्टरांनाही दोनदा सांगावं लागतं, ते बिनसाखरेच्या च्युइंगगमच्या पाकिटावर छापलेलं असतं. अ‍ॅस्पार्टेममध्ये फिनाइलअ‍ॅलॅनिन असतं म्हणून ती सूचना. एका बापाने पानाच्या गादीवरून पाकिटाचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आपलं नाव आलंय.'

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र प्रथिनांशी संबंधित नव्हती. यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनपासून साखर सुटत नाही असा एक आजार असतो. मूल तीन-चार तास न खाता राहिलं तर रक्तातली साखर कोसळते. पोट पुढे आलेलं, गाल बाहुलीसारखे गुबगुबीत, लोक म्हणतात काय बाळसं आहे. १९८४ साली एक सोपा उपाय जगापुढे आला. न शिजवलेला मक्याचा स्टार्च गार पाण्यात ढवळून द्यायचा. तो आतड्यात सावकाश पचतो, साखर हळूहळू रक्तात येत राहते आणि आईला रात्री तासातासाला उठावं लागत नाही. तीन वर्षांच्या मुलाला मी लिहून दिलं, रात्री दहाला आणि दोनला, तीन सपाट मोठे चमचे, कॉर्नफ्लॉवर. तोंडानेही सांगितलं. आईने मान डोलावली.

त्यांच्या तालुक्याच्या गावी दुकानदाराने कॉर्न म्हणजे मका, फ्लॉवर म्हणजे पीठ, असा सरळ अर्थ लावून पिवळं मक्याचं पीठ दिलं. त्याचा काय दोष? घरी नेल्यावर आजीला कच्चं पीठ पाजणं पटेना, पोट दुखेल म्हणून तिने त्याची छान पेज शिजवली. शिजवलं की स्टार्च पटकन पचतो आणि तास-दीड तासात संपतो. तिसऱ्या रात्री पहाटे मूल घामाने थबथबलेलं, डोळे फिरवलेले. गावच्या डॉक्टरने ग्लुकोज लावलं म्हणून वाचलं. घरी कुणी कशातही हयगय केली नव्हती. सगळ्यांनी प्रेमाने आणि शहाणपणानेच केलं होतं, फक्त मी दिलेल्या शब्दावर.

आता माझ्या खणात दोन बरण्या असतात. एकीत पांढरंशुभ्र कॉर्नफ्लॉवर, बोटांत धरलं की करकरतं. दुसरीत पिवळं पीठ, त्यावर लाल फुली. मी आईच्या हाताने चिमूट घेऊन चोळायला लावते. मग माठातलं पाणी आणून तिच्याच हाताने ढवळून घेते. "कच्चं," मी म्हणते, "गार पाण्यात. विस्तव दाखवायचा नाही." ती म्हणते, कच्चं, गार, विस्तव नाही. मग घरी सासूला फोन लावून हेच तिला पुन्हा सांगायला लावते. अर्धा तास जातो. बाहेर रांग कुरकुरते.

मेपल सिरपचं नाव मराठी घरात कुणाला कळणार! लघवीला जळक्या साखरेचा, काकवीसारखा वास येतो असं मी सांगते. एकदा नवजात विभागातून धावत निरोप आला, बाळाच्या दुपट्याला तो वास येतोय. मी गेले, वास अगदी तोच. रक्त पाठवलं, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. बाळ मात्र टकाटका बघत होतं आणि दाबून पीत होतं. आजाराचं बाळ असं पीत नाही. बाळंतिणीच्या उशाशी स्टीलचा डबा होता. उघडला तर मेथीचे लाडू, आईने माहेरून पाठवलेले, रोज दोन. मेथीत तोच वास देणारं द्रव्य असतं आणि ते आईकडून बाळापर्यंत पोचतं. रिपोर्ट स्वच्छ आला. लाडूही चांगले होते.

यातल्या काही आजारांची चाचणी जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत करता येते. टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब जाड कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पाठवायचे. रॉबर्ट गथ्री यांनी ही युक्ती साठ वर्षांपूर्वी काढली. आपल्या शेजारी गोव्याने २००८ साली सरकारी दवाखान्यांतून अशी तपासणी सुरू करून दाखवली होती. देशभर सगळ्या बाळांसाठी ती अजून नाही. त्यामुळे आमच्याकडे येणारं घर बहुतेक वेळा एक मूल हातचं गेल्यावर किंवा मागे पडल्यावर येतं. मराठवाड्यातले दोन भाऊ आहेत. थोरल्याचा आजार पाचव्या वर्षी कळला, धाकट्याचा पाचव्या दिवशी. दोघांचा आजार एकच आणि भाकरीही एकच. पथ्य सुरू झाल्यापासून थोरल्याचं डोकं आपटणं थांबलं, रात्री झोपायला लागला, पण बोलणं आलं नाही. धाकटा शाळेत पाढे म्हणतो. त्यांची आई मला एकदा म्हणाली, "मॅडम, धाकट्यानं पाढे म्हटले की मी रेडिओ लावते." मी काय बोलणार होते? तिचा नवरा तिच्या मामाचा मुलगा. गावात सगळे तिला म्हणतात, तुझ्या पोटाचा दोष. मी कागदावर चार चौकोन काढून दाखवते, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आल्याशिवाय हा आजार होत नाही, दर खेपेला चारात एक. हे मी तिला तीनदा दाखवलंय. चौथ्यांदा मी तिच्या सासऱ्यांना बोलावून दाखवलं. ते कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेले. घरी काय झालं माहीत नाही. पण पुढच्या खेपेला सोबत तेच आले होते आणि धाकट्याची वाटी त्यांच्याच पिशवीत होती.

त्या पंढरपूरच्या वाटेवरच्या घरातल्या वाटीवर नाव घातलेलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं, आजोबांचं नाव आणि लग्नाची तारीख, ठिपक्याठिपक्यांनी. पहिल्या वर्षी मी त्या वाटीत भात मोजून आतून पेनाने खूण केली होती. ती आठ दिवसांत घासून गेली. आजींनी वाटी बाजारात नेली आणि नाव घालणाऱ्याकडून आतल्या बाजूला रेघ मारून आणली. अधूनमधून मुलाची सहनशक्ती मोजून मी नवा आकडा द्यायची, त्याप्रमाणे रेघा वर सरकत गेल्या. वाटीत आता चार रेघा आहेत. दोन वर्षांपूर्वी आजी गेल्या. तेराव्याला घरात काय काय झालं असेल ते असो, पण त्या महिन्यातला मुलाचा आकडा पाच होता.

परवा तो एकटाच आला, पहिल्यांदाच. मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा. दहावी झाली, पुण्याला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, वसतिगृहात राहणार. भाकरीचं पीठ दर पंधरा दिवसांनी आई पाठवणार, मेसमधल्या मावशींशी बोलणं झालंय. मी म्हटलं, "आणि वाटी?"

त्याने पिशवीतून एक प्लॅस्टिकचा डबा काढला, वसतिगृहात सगळ्यांकडे असतो तसला, झाकणाला निळ्या कडा.

"आजीची?"

"ती घरी ठेवलीय. हरवली तर?" तो म्हणाला. मग डबा माझ्याकडे सरकवला. "ह्याच्यावर रेघ मारून द्या."

मी काटा पुढे ओढला, डबा वर ठेवला, आकडा शून्यावर आणला.

"भात आणलायस?"

त्याने दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं.